सेतुमाधवरावांचा लांब महिना

आमच्या इमारतीतली सगळी माणसं दुकानातून सामान घरी आणतात. सेतुमाधवराव घरातलं सामान दुकानात नेतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच असं. चेन्नईत तांबरमला बदली होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बँकेतून येताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साबण घ्यायला थांबलो. वाण्याला इकडे अण्णाची म्हणतात. हा अण्णाची चांगला सहा फुटी, झुपकेदार मिशांचा. पण समोरून पांढरी वेष्टी नेसलेले एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ येताना दिसले आणि तो गल्ल्यामागे वाकून उगाच काहीतरी शोधायला लागला. गृहस्थांनी पिशवीतून चिंचेची दोन पाकिटं, हिंगाची डबी आणि अर्धा किलो तूरडाळ काढून समोर मांडली.

"परत घे," ते तमिळमध्ये म्हणाले.

"सार, आज सकाळीच तर नेलंय!"

"सकाळी हवं होतं. आता नको."

अण्णाचीने मुकाट्याने पैसे दिले. तेवढ्यात मला बायकोचा, रूपालीचा, फोन आला. माझं बोलणं ऐकून गृहस्थ वळले. "मराठी काय तुम्ही? आम्हीही मराठीच. तंजावरचे. वाडवडील राजांच्या मागून दप्तर घेऊन आले, ते इकडेच राहिले." मी आनंदाने हात पुढे केला. त्यांनी हात न घेता माझी पिशवी घेतली, आत डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला.

"साबण तीन? माणसं किती?"

"दोघं."

"अय्यो! महिना लांब आहे, हो. महिना लांब, पिशवी आखूड."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, 'पोदुम', म्हणजे तमिळमध्ये 'पुरे'. ह्या दोन वाक्यांवर सेतुमाधवरावांनी सगळ्या इमारतीला धाकात ठेवलं होतं. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बारा-तेरा वर्षं झाली होती. महिन्याच्या वाणसामानाचा एक आकडा त्यांनी ठरवलेला होता. एक तारखेला तेवढ्या नोटा खाकी पाकिटात घालून ते पत्नीच्या, अंबुजाबाईंच्या, हातात देत. त्याबाहेरचा एक रुपयाही स्वयंपाकघरात जाणार नाही, असा नियम.

चेन्नईची माणसं डिसेंबरात वादळाला भितात. सेतुमाधवराव बारा महिने तूरडाळीला भीत. अण्णाचीच्या फळ्यावरच्या भावांचा ते रोज सकाळी फोनवर फोटो काढत आणि जिन्यात जो भेटेल त्याला हळू आवाजात, कुणी गेल्याची बातमी सांगावी तशी सांगत, "डाळ पुन्हा चढली."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. त्यामुळे वर जाताना आमचं दार त्यांच्या वाटेतच. माझी बायको शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत वीस माणसांवर हुकूम चालवते. पण जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की ती मागवलेल्या सामानाच्या पिशव्या सोफ्याखाली सारायची. एकदा सामान पोचवणारा आणि सेतुमाधवराव एकाच वेळी दारात आले. "एवढ्याशा कोथिंबिरीसाठी माणूस मोटारसायकलवर बसून आला? त्याचं पेट्रोल कोण भरतो?" सामान पोचवणारासुद्धा वरमला. दुसऱ्यांदा तिच्या हातात अव्होकाडो सापडला.

"हे काय?"

"फळ आहे, काका."

"गोड?"

"नाही."

"आंबट?"

"नाही."

"मग ह्यास पैसे कशाचे?"

 रूपालीने पुन्हा अव्होकाडो आणला नाही. पंचवीस तारीख उलटली की ते जिन्यातूनच विचारत, "तांदूळ किती राहिला?" आणि घरात दोनच मुठी असल्या तरी आम्ही दोघं एका सुरात "पाच किलो!" म्हणायचो. खोटं कशाला सांगू, त्या भीतीने आमचा खर्च निम्म्यावर आला होता.

पण माणूस आवडण्यासारखा नव्हता. आपल्या घरात ते कुणाला पाऊल टाकू देत नसत. पोंगलला शेजारणी गेल्या तर त्यांना दारातच कॉफी पाजून वाटेला लावलं. चिक्कूपणा तरी किती, असं सगळे म्हणत. अंबुजाबाई मात्र गोड बाई. ठेंगणी, गोरी, नाकात दोन्हीकडे चमक्या. दारात दिसल्या की हसून विचारत, "जेवण जाहले का?" मी हो म्हणायचो. थोडं बोलून झालं की पुन्हा, "जेवण जाहले का?" लगेच मागून आवाज यायचा, "पोदुम! त्यांना कामं आहेत. तू आत ये." आणि दार बंद. रूपाली चिडायची. "बाईला दोन शब्द बोलू देत नाही हा माणूस. त्याचेही पैसे पडतात वाटतं."

मग तो शनिवार आला.

महिन्यातला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात सेतुमाधवराव. पायात चपला नाहीत, शर्टाच्या गुंड्या एक सोडून एक लागलेल्या, केसांतून पाणी निथळतंय.

"अंबुजा तुमच्याकडे आली आहे?"

"नाही. का? काय झालं?"

"मी स्नानास गेलो होतो. बाहेर आलो तर दार उघडं. पिशवी नाही. पाकीट नाही. न सांगता ती कधी जात नाही."

मी म्हटलं, "दुकानात गेल्या असतील, येतील." त्यांनी माझं मनगट धरलं.  ज्यांना आम्ही सगळे भीत होतो ते इतके भ्यालेले पाहून मीही घाईने चपला सरकवल्या. अंबुजाबाई परत आल्याच तर घरी कुणीतरी हवं म्हणून रूपालीला जिन्यात बसवलं आणि आम्ही दोघं धावत निघालो.

अण्णाचीने आम्हांला लांबूनच पाहिलं. या वेळी तो गल्ल्यामागे लपला नाही. उलट रस्त्यावर आला.

"सार, अम्मा आल्या होत्या. नेहमीसारखी चिंच मागितली. मी दिली, तर म्हणाल्या, दर जास्त आहे, टाउनात स्वस्त मिळते. मला वाटलं घरी गेल्या." त्याने हातातलं सामान खाली ठेवलं. "मी थांबवायला हवं होतं, सार. तुम्ही सांगितलं होतं. गिऱ्हाईक होतं पुढ्यात."

'तुम्ही सांगितलं होतं' म्हणजे काय, ते मला कळलं नाही. सेतुमाधवराव मात्र स्टेशनच्या दिशेने चालायलासुद्धा लागले होते. "जॉर्ज टाउन," ते म्हणाले. "लग्न झाल्यावर आम्ही तिकडे राहत होतो. महिन्याचं सामान ती तिकडूनच भरायची."

आम्ही जॉर्ज टाउनजवळच्या बीच स्टेशनकडे जाणारी लोकल पकडली. प्रत्येक स्टेशनावर ते दाराशी जाऊन फलाटभर नजर फिरवत आणि परत येऊन बसत. सैदापेट गेल्यावर मी विचारलं, "अण्णाचीला तुम्ही काय सांगितलं होतं?"

 ते खिडकीकडे बघतच म्हणाले, "दोन वर्षं जाहली. एके दिवशी तांदळाच्या डब्यात हात घातला तर चिंचेची आठ पाकिटं. तिनेच आणलेली. तीही बघत होती. म्हणाली, मी आणली? कधी आणली? आणि खाली बसली, हो.  चाळीस वर्षं ह्या बाईने माझ्या कारकुनी पगारात घर चालवलं. माझ्या दोन बहिणींची लग्नं केली. एक महिना कमी पडू दिला नाही."

"डॉक्टर?"

"दाखवलं. गोळ्या आहेत. वाढणार म्हणतात." त्यांनी कोरडे ओठ पुसले. "मग मी अण्णाचीशी बोललो. ती सकाळी जे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आणील ते मी सायंकाळी परत आणीन. तू कोणास बोलू नको, गिऱ्हाइकांपुढे कुरकुर कर, आणि ती घराऐवजी दुसरीकडे निघाली तर थांबव. पैसे मी पाकिटात परत ठेवतो. महिनाअखेर ती डबे बघते, पाकीट मोजते. सगळं जुळतं. मग म्हणते, बघा, जमलं की नाही? त्या दिवशी छान जेवते."

 दोन वर्षं ह्या माणसाला अख्खी इमारत कवडीचुंबक म्हणत होती. मी म्हणत होतो, रूपाली म्हणत होती.

बीचला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत हातगाड्या, पोती, टेम्पो, हमालांच्या आरोळ्या. चालायला वाट नाही. सेतुमाधवराव एका गल्लीत शिरले, थबकले, परतले, दुसरीत शिरले. "इथेच एक कोळशाची वखार होती," ते म्हणाले. वखार नव्हती, मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळीच भीती आली. "की मलाच आठवत नाही?"

"फोनमध्ये काकूंचा फोटो असेल तर द्या. लोकांना दाखवू."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी फोटो उघडले. भावाचा फळा, भावाचा फळा, भावाचा फळा. शेकडो होते. अंबुजाबाईंचा एकही नव्हता.

"तिचा कशाला काढायचा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घरीच तर असते."

शेवटी आम्ही तोंडानेच वर्णन करत फिरलो. ठेंगणी, गोरी, दोन्हीकडे चमक्या, हिरवी साडी. साडी हिरवी होती की निळी, यावरही ते दोनदा अडखळले. एका हमालाने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याने विचारलं, "भांडणारी आजी का?"

"भांडणारी?" मी म्हटलं. अंबुजाबाई आणि भांडण?

"तीच!" सेतुमाधवराव ओरडले. "दरावरून भांडत असेल तर तीच!"

मिरची-मसाल्याच्या घाऊक दुकानात, उंच स्टुलावर अंबुजाबाई बसल्या होत्या. हातात पाण्याचा पेला. समोर दुकानाचा मालक, गलेलठ्ठ माणूस, अंगाला घाम आणि हात जोडलेले. त्या त्याला अस्खलित तमिळमध्ये सांगत होत्या की, त्याच्या वजनकाट्याला लाज नाही. आम्हांला पाहून मालकाने देव भेटल्यासारखा सुस्कारा टाकला.

"एक तास झाला," तो माझ्या कानात म्हणाला. "काही विकत घेत नाहीत. जात नाहीत. पत्ता विचारला तर ह्याच गल्लीतला सांगतात. एकट्या कशा सोडायच्या, म्हणून मी भांडत बसलो."

अंबुजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आलांत? मला वाटलं कचेरीस गेलां." मग पिशवी झटकून दाखवली. ती रिकामी होती, आणि खाकी पाकीट मुठीत घट्ट. "दर पटत नाही. एवढ्यास घ्यायला मी काय वेडी आहे?"



"छे," सेतुमाधवराव म्हणाले. "तू कशी वेडी. तुझ्यासारखं घर कोणी चालवलं?"  ते मिरचीच्या पोत्यावर मटकन बसले आणि डोळे पुसायला लागले.

"मिरचीचे हात डोळ्यांस लावू नका, हो," अंबुजाबाई म्हणाल्या. "एवढंही कळत नाही ह्यांना."

परतीची गाडी बीचहूनच सुटते, त्यामुळे जागा मिळाली. मी रूपालीला फोन करून सगळं सांगितलं. ती रडत होती. अंबुजाबाई खिडकीशी बसल्या. एवढं भांडण करून त्या दमल्या होत्या. शांत होऊन बाहेर बघत राहिल्या. सेतुमाधवरावांनी मला दाराशी बोलावलं.

"इमारतीत सांगू नका."

"काका, सगळे मदत करतील. कुणीतरी लक्ष ठेवील."

"ठेवतील. गोडही बोलतील. सगळे एकदम गोड बोलायला लागले की तिला कळतं, काहीतरी झालं आहे. मग ती घाबरते. रात्रंदिवस घाबरते. ते मला बघवत नाही."

"पण आज…"

"दाराला वर कडी-कुलूप लावतो. तुम्हांला एक किल्ली देतो. तुम्हांला आणि रूपालीला कळलं, तेवढं पोदुम."  गाडीचा आवाज वाढला म्हणून ते माझ्या कानाशी आले. "आणि मला बघून पिशव्या लपवता ना, त्या लपवत जा. मला ठाऊक आहे, सोफ्याखाली ठेवता. पूर्वीसारखंच भ्या मला. तुम्ही भ्यायचं सोडलंत तर तिला संशय येईल."

मी मान हलवली. 

गिंडी मागे पडली. डबा बराच रिकामा झाला होता. अंबुजाबाईंनी मान वळवली. दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग साडी सावरून जरा आत सरकल्या आणि परक्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "उभे का? या, बसा इथे. जागा आहे."

सेतुमाधवराव जागच्या जागी थिजले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

"कोठे उतरणार तुम्ही?" अंबुजाबाईंनी विचारलं.

ते पुढे गेले. वेष्टी सावरून त्यांच्या शेजारी, मध्ये थोडं अंतर ठेवून बसले.

"तुम्ही जिथे उतराल," ते म्हणाले, "तिथेच."