वरच्या माणसाकडे गेलेली कामं

स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला होता. चहाचा कप विसळताना नियोजकाच्या ते लक्षात आलं आणि त्याची छाती फुगली.

"बघ, केलास ना नळ दुरुस्त?" तो बायकोला म्हणाला. "बोर्डावर टाकलं की काम होतंच. माणसाला फक्त शिस्त पाहिजे."

"मी कुठे केला? काल दुपारी तूच ऑफिसातून बाई पाठवल्या होत्यास ना?"

"कोण बाई?"

"पांढरे आखूड केस, शर्टाच्या खिशात टेस्टर. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, अजून दोन कार्डं आहेत."

"त्याच आजी आमच्या पालकसभेला आल्या होत्या," लेक बिस्किट खाता खाता म्हणाली. "वर्गाच्या बाईंनी गणिताचे मार्क दाखवले तर आजी म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण बोलते फार. मी सांगितलं नाही का तुम्हाला?"

नियोजकाच्या हातातून कप निसटला. पांढरे आखूड केस आणि खिशात टेस्टर असलेली बाई त्याच्या ओळखीत एकच होती, आणि ती त्याच्या कंपनीची मालकीण होती.

हा माणूस लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत होता. लिफ्ट त्याला दुरुस्त करता येत नसे. कोणती लिफ्ट कोणी आणि कधी दुरुस्त करायची हे तो ठरवी. त्यासाठी त्याने अकरा डिजिटल बोर्ड केले होते. प्रत्येकावर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. शिवाय त्याचा एक लाडका नियम होता. तीन दिवस एखादं कार्ड हललं नाही, तर ते आपोआप वरच्या माणसाच्या नावावर जायचं. मेकॅनिकचं सुपरवायझरकडे, सुपरवायझरचं नियोजकाकडे. आपलं काम वर गेलं तर काय शोभा होईल या धाकाने सगळे पटापटा कामं उरकू लागले. मालकीणबाईंनी भर बैठकीत त्याचं कौतुक केलं. मग गडी थांबतोय कसला! त्याने घराचा बारावा बोर्ड काढला, तोही त्याच खात्यावर, तोच नियम लावून. आणि सतत टणटण वाजतं म्हणून सगळ्या सूचना बंद करून टाकल्या.

घरातल्या कामांत त्याच्या वर कोण, हे मात्र त्याने कधी ठरवलं नव्हतं. ते यंत्राने ठरवलं होतं. नियोजकाच्या वर बाई. गेले दोन महिने त्याचा घरचा बोर्ड आरशासारखा लख्ख दिसत होता आणि तो समजत होता, बायको सुधारली.

नेमकं त्याच दिवशी, गुरुवारी, चार वाजता बाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. मुख्य नियोजकाचं पद द्यायचं की नाही, ते ठरणार होतं. ही बातमी त्याची बायकोला चारदा आणि शेजाऱ्यांना दोनदा सांगून झाली होती.

ऑफिसात पोचल्या पोचल्या त्याने बाईंचा बोर्ड उघडला. 'झालं'च्या रकान्यात त्याच्या घरची एकोणीस कार्डं ओळीने बसली होती. कपाटाची बिजागरी. लेकीच्या वह्यांना कव्हरं. सासऱ्यांची माफी मागणे. हे तिसरं त्याने दोनदा वाचलं. माफी मागून झाली होती! खाली बाईंनी नोंदही केली होती: 'सासरे म्हणाले, ठीक आहे, पण त्याने पुन्हा तसं बोलू नये.'

आणि त्याखाली एकच कार्ड नऊ वेळा होतं: आईला फोन करणे, दर गुरुवारी.

त्याने आईला फोन लावला.

"आई, तुला कोणी बाई फोन करतात का गं?"

"करतात की. दर गुरुवारी साडेचारला. तू का केलास? बरा आहेस ना?"

"नऊ आठवडे तू त्यांच्याशी बोलतेस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगू? तू फोन करतोस होय?"

"पण बोलता तरी काय?"

"बरंच काय काय. त्यांचे गुडघे, माझे गुडघे. तुझाही विषय निघतो मधूनमधून." आई घाईत होती. "बरं, ठेव आता. कपडे वाळत घालायचेत."

चारपासून बाहेर ताटकळून साडेचारला पाच मिनिटं असताना तो केबिनमध्ये शिरला तेव्हा त्याची बोबडी वळायचीच बाकी होती. बाई एका जुन्या लिफ्टचं बटण उघडून त्यात डोकं घालून बसल्या होत्या.

"बाई, फार मोठी चूक झाली. ती घरची कार्डं... तो नियम..."

"चूक?" बाईंनी मान वर केली. "मला वाटलं, तुम्हाला झेपत नाही म्हणून पाठवताय. म्हटलं, माणूस सरळ आहे, मदत मागायला लाजत नाही."

"पण तुम्ही ती केलीत कशाला?"

"कार्डावर नाव माझं होतं. माझ्या नावावरचं काम मी पडू देत नाही. नळाचा वायसर गेला होता, बाकी काही नाही."

नियोजकाला रडावं की पाय धरावेत, कळेना. त्याने सगळा धीर गोळा केला. "आणि ते... पदाचं?"

"देणारच होते. काम चांगलं आहे तुमचं." बाईंनी बटण टेबलावर ठेवलं. "गेल्या गुरुवारी तुमच्या आईंना विचारलं."

"आईला विचारलंत?"

"तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतात त्या. म्हणाल्या, 'एवढ्यात नको. अकरा बोर्ड आहेत तर त्याच्याऐवजी फोन तुम्हाला करावा लागतो. बावीस झाले, तर तुम्हाला माझ्याकडे मुक्कामालाच यावं लागेल.'"

स्वतःच्या आईने पोटच्या पोराची बढती अडवावी! आणि वाईट म्हणजे तिचं म्हणणं त्याला पटत होतं, आतून कुठेतरी फार लागतही होतं. नऊ गुरुवार गेले आणि आपल्या आवाजाची कुणाला आठवणही झाली नव्हती.

"मी आत्ताच्या आत्ता आईला फोन करतो," तो म्हणाला. "माझ्या तोंडाने बोलतो तिच्याशी."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साडेचार वाजून दोन मिनिटं झाली होती.

"तुमच्या आई," बाई म्हणाल्या. "उशीर झाला की त्याच करतात."

त्याने हात पुढे केला. बाईंनी फोन कानाला लावला. "हं, बोला. नाही हो, कामात कसली, तुमचेच चिरंजीव आलेत... हो, तोंड तुम्ही म्हणता तसंच केलंय." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "जाताना दार ओढून घ्या."

तो बाहेर काचेशी उभा राहिला. आत हसण्याचा एक मोठा फवारा उडाला. त्याने मोबाइल काढला, आईच्या फोनचं कार्ड शोधलं आणि स्वतःच्या नावावर परत मागितलं. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याची परवानगी लागेल, असं स्क्रीनवर आलं. हाही नियम त्यानेच केला होता. त्याने विनंती पाठवली.

आत बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, फोनवर काहीतरी विचारलं, बराच वेळ ऐकून घेतलं आणि एका बोटाने टाइप केलं. कार्डाखाली उत्तर उमटलं:

'आई म्हणतात, विचार करून सांगते.'