धुराची शीव आणि स्मिताच्या कुरडया

"कोनी खरं मानणार नाही, वहिनी, पन समुद्रात धुराची शीव म्या आखली," सौंसरच्या रेल्वे फाटकावरून रिटायर झालेला दादाजी म्हणाला. "किनाऱ्यावर बोंबील सुकत राह्यते ना, जहाजाच्या धुरानं त्याइचे कोयसे होत. म्हनून सात मैलांवर म्या पान्यात संत्री सोडली, रांगेनं. जहाज संत्र्यांपाशी आलं का धूर बंद! मंग ते असं येई, झोपेत चालल्यावानी..."

देवकाबाईला ते जहाज खरंच दिसू लागलं. तिचं अंगण रुळांना लागून. बाजेवर लेकीच्या, स्मिताच्या रुखवताच्या कुरडया वाळत होत्या, मोगऱ्यासारख्या पांढऱ्या. आणि दुपारच्या छोट्या गाडीची काजळी त्यांच्यावर टपलेली. रुखवतात काळ्या कुरडया गेल्या, तर पांढुर्ण्याची विहीण जन्मभर टोमणे मारणार होती.

"भाऊजी, इथं आखा ना तशी शीव!"

दादाजीनं कडुलिंबाशी एक आणि नाल्याशी एक असे चुन्याचे पट्टे ओढले. ड्रायव्हर कवडूला बजावलं, "याच्या आत कोयसा टाकाचा नाही. समुद्राचा कायदा हाय." जुन्या फाटकवाल्याचा शब्द. कवडू मान हलवून गेला.

तेवढ्यात शेजारची अंबाबाई आली. "माहे पापड शिवेच्या भायेर काहून? मी काय परकी हाओ?" पट्टा सरकला. मग वत्सलेच्या शेवया आल्या, मग कुणाची तरी मिरची. संध्याकाळपर्यंत शीव पार रामाकोना गावाच्या वाटेला लागली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी शिवेत शिरली. धूर नाही. हळूहळू आवाजही मावळला. चाकं नुसती कुजबुजत राहिली. बायका हात जोडून उभ्या. आणि देवकाबाईच्या बाजेसमोर, बरोब्बर समोर, गाडीनं डोळे मिटले.

"दादाजीऽ, वाफ मेली!" कवडू ओरडला. "आता कोयसा टाकाच लागते!"

अर्धा तास इंजिन एका जागी उभं राहून काळे लोट सोडत होतं. मोगऱ्याची जांभळं झाली. स्मिता पदराआड तोंड लपवून हसत होती की रडत होती, कळेना.

मग पांढरी वाफ सुटली. बाज, कडुलिंब, बायका, सगळं तिच्यात तरंगू लागलं. दादाजी हरखून पाहत राहिला.

"अस्साच, वहिनी! एकसष्टच्या उन्हाळ्यात म्या समुद्र अस्साच पाह्यला होता."

काळी कुरडई हातात घेऊन देवकाबाई वळली.

"एकसष्टच्या उन्हाळ्यात? तवा तं तुमी माही वरात फाटकावर दीड घंटा अडवून ठेवली होती!"