पत्राआधीचे उत्तर

एका पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. अशी पत्रे बहुतेकांच्या खणात असतात आणि कालांतराने ती आपोआप शांत होतात. ग्रंथपालांचे पत्र मात्र रोज सकाळी नव्याने येत असे.

पहिल्यांदा आले तेव्हा ते खऱ्याखुऱ्या पाकिटातून आले होते. शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी लिहिले होते की, त्यांचे वडील कुलपे दुरुस्त करीत. त्यांनी कुलपांवर एक लहानसे पुस्तक लिहून पदरमोड करून छापले होते. घरात आता त्याची एकही प्रत उरलेली नाही. 'माझी नजर झपाट्याने चालली आहे. डॉक्टर म्हणतात, जे पाहायचे ते लवकर पाहून घ्या. आपल्या ग्रंथालयात ते पुस्तक असेल तर मी येते. नसेल तर तसे कळवावे, म्हणजे मी आस लावून बसणार नाही.'

पुस्तक होते. ग्रंथपालांच्या पाठीमागच्या कपाटात, हात मागे नेला तर उठावेही लागू नये इतके जवळ होते. 'आहे, या' एवढेच कळवायचे होते. पण ग्रंथपाल एकेका शब्दाला दहा वेळा तराजूत घालणारे गृहस्थ. ग्रंथालय ज्या अभिलेख कार्यालयात होते, तिथले सहकारी त्यांना 'तळटीपराव' म्हणत, कारण ते बोलले तर सर्वांत शेवटी, बारीक आवाजात, आणि तोवर लोकांनी पान उलटलेले असे. 'आदरणीय' लिहावे तर फार कोरडे, 'सप्रेम' लिहावे तर बाईंचा भलताच समज व्हायचा. घरी बायकोला हे सांगितले तेव्हा तिला मुळीच नवल वाटले नाही.

"लग्न ठरताना माझ्या बाबांच्या पत्राला तुमचं उत्तरच आलं नव्हतं," ती म्हणाली. "आम्ही नकार समजून दुसरीकडे बघायला लागलो होतो. शेवटी सासूबाई येऊन सांगून गेल्या, मुलगा तयार आहे, मायना शोधतोय."

मायना सुचेपर्यंत निदान जावक क्रमांक तरी घेऊन ठेवावा, असे ग्रंथपालांनी ठरवले. मजकूर नसला तरी क्रमांक असला की काम मार्गी लागल्यासारखे वाटते. जावक क्रमांकाशिवाय कार्यालयातून चिठ्ठीही बाहेर पडत नसे, आणि तो क्रमांक काउंटरवरच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरमधून मिळे.

या कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टिमी नांदत होत्या. वरून परिपत्रक आले होते की, सर्व कार्यालयांनी यापुढे लिनक्स वापरावी, कारण ती फुकट असते. त्यापाठोपाठ दुसरे परिपत्रक आले की, छपाई फक्त जुन्या सिस्टिमवरूनच करावी, कारण तिचे पैसे भरून झालेले आहेत. कोणतेच परिपत्रक न मोडण्याची कार्यालयाची परंपरा होती. म्हणून एकाच मशीनच्या पोटात दोन्ही घालण्यात आल्या. आलेली पत्रे लिनक्समध्ये नोंदवायची, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचे, आणि उत्तरे जुन्या सिस्टिममधून पाठवायची. सुरू होताना मशीन दर वेळी काळ्या पडद्यावर नम्रपणे विचारी की, आता कोणाला उठवू?

ग्रंथपालांनी जुनीला उठवले आणि पत्राचा आवक क्रमांक भरला. पडद्यावर चौकट आली: 'आपण ज्या पत्राला उत्तर देत आहात, ते अद्याप आलेले नाही. कृपया पत्राची वाट पाहावी.'

ग्रंथपालांनी हातातल्या पत्राकडे पाहिले. पुढे, स्वतःवर विश्वास नसल्यामुळे, ते हेडक्लार्कबाईंनाही दाखवले. आल्यासारखे दिसते आहे खरे, पण मशीन नाही म्हणतेय म्हणजे काहीतरी असेल, असे बाईंचे मत पडले.

संगणक दुरुस्तीचा कंत्राटदार हा देहाने मोठा आणि जिन्याने हैराण होणारा माणूस होता. त्याने बसल्या बसल्या निदान केले.

"मशीनच्या पोटात घड्याळ एकच आहे, तळटीपराव. जुनी त्यात दिसते तीच वेळ खरी मानते. लिनक्सला वाटतं, ही सगळ्या जगाची प्रमाण वेळ आहे, म्हणून ती त्यात आपल्या भागाचा फरक मिळवते. दोघी आपापल्या जागी बरोबर. दोन जावांसारखं आहे, घड्याळ एक, पण जेवणाच्या वेळा दोन."

लिनक्स अशी काही तास पुढे धावत होती. सकाळी नोंदवलेले पत्र तिच्या लेखी संध्याकाळी आलेले असे, आणि दुपारी उत्तर द्यायला बसावे तर जुनीच्या लेखी संध्याकाळ व्हायची असे; ती होईपर्यंत कार्यालय बंद होई. मग उत्तर दुसऱ्या दिवशी का देऊ नये, ही शंका कोणालाही येईल. तिचा विचार कार्यालयाने आधीच करून ठेवला होता. 'शून्य विलंब' अभियानाखाली पत्राला त्याच दिवशी उत्तर देणे बंधनकारक होते. न दिलेली पत्रे शिळी दिसू नयेत म्हणून मशीन ती सर्व दुसऱ्या दिवशी सकाळी 'आज प्राप्त' म्हणून आपोआप नोंदवून घेई. त्यामुळे कार्यालयात एकही जुने पत्र नव्हते. होती ती सगळी ताजी, आणि संध्याकाळी यायची.

उपाय एका ओळीचा होता. लिनक्सला सांगायचे की, बाई, घड्याळात दिसते ती इथलीच वेळ आहे, तू त्यात भर घालू नकोस. कंत्राटदाराने ती ओळ म्हणूनही दाखवली. पण एक घड्याळ बदलायचे म्हणजे दुसरे बरोबर आहे असे ठरवणे आले. आणि असा धोरणात्मक निर्णय कंत्राटदाराच्या पातळीवर घेता येणार नाही, असे मुख्याधिकारी म्हणाल्या. त्यांनी 'अधिकृत वेळ निश्चिती समिती' नेमली, आणि तिचा अहवाल येईपर्यंत दोन्ही वेळा समान ग्राह्य धराव्यात असा आदेश काढला. समितीची पहिली बैठक अकराला होती. निम्मे सदस्य जुनीच्या अकराला आले, निम्मे लिनक्सच्या. दोन्ही निम्म्यांनी गणसंख्येअभावी बैठक तहकूब केली.

त्या आदेशाचा खरा अर्थ सर्वप्रथम हेडक्लार्कबाईंच्या ध्यानात आला. हजेरीही याच मशीनवर लागत होती. सकाळी जुनीत 'आगमन' नोंदवावे, मशीन पुन्हा सुरू करावे आणि लिनक्समध्ये 'प्रस्थान' नोंदवावे. मशीन जागे व्हायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात नियमाने आणि सहीशिक्क्याने पूर्ण दिवसाची नोकरी होई. आठवड्याभरात कर्मचारी संघटनेने लिनक्सच्या समर्थनार्थ ठराव केला. जुनीच्याही समर्थनार्थ केला. दोघींपैकी एकीलाही हात लागला तर आंदोलन छेडू, असेही जाहीर केले. काउंटरपुढे सकाळी रांग लागे. मशीन दिवसभर उठबस करी. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी खोली रिकामी होई आणि मागे उरत ते ग्रंथपाल. त्यांना घरी लवकर जायची भीती वाटे, कारण बायको विचारी, लिहिलं का?

'अजून मशीनच अडलंय,' असे ते सांगत. सांगताना त्यांना फार बरे वाटे. आयुष्यात प्रथमच त्यांचा संकोच हा तांत्रिक दोष म्हणून नोंदला गेला होता.

तेवढ्यात वरिष्ठ कार्यालयाने मासिक आकडे तपासले. त्या तक्त्यात उत्तर गेले की नाही, असा रकाना नव्हता. उत्तराला हात कधी घातला, एवढेच पाहिले जाई. बाकीच्या कार्यालयांचा सरासरी विलंब काही आठवड्यांचा, आणि या कार्यालयाचा शून्याच्याही खाली. पत्र पोचायच्या आत उत्तराला बसणारे देशातले हे पहिलेच कार्यालय निघाले. दूरदर्शी प्रशासनाचा पुरस्कार जाहीर झाला. पाहणीसाठी पाहुणे येणार, आणि इतर कार्यालयांनाही एकेक सिस्टिम जास्तीची बसवावी लागणार, असे कळले. मुख्याधिकाऱ्यांनी समिती बरखास्त करून मशीनवर फलक लावला: 'पुरस्कारप्राप्त घड्याळास हात लावू नये.'

त्याच दिवशी शिवणकामाच्या बाईंचे दुसरे पत्र आले. अक्षर वेगळे होते. 'हे शेजारणीकडून लिहवून घेत आहे. उत्तर आले नाही, तेव्हा पुस्तक नसावे असे धरून चालले होते. पण नाही म्हणूनही कोणी कळवले नाही, तेव्हा मन पुन्हा तिकडे जाते. मोठी अक्षरे अजून दिसतात.'

ग्रंथपालांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग मागे हात नेऊन कुलपांचे पुस्तक काढले. त्यातली अक्षरे अगदी बारीक होती.

ते उठले आणि भर दुपारी, ओस पडलेल्या खोलीत, काउंटरवर जाऊन बसले. पासवर्ड गोपनीय असल्यामुळे तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. पुस्तकी माणसांना एकदा ऐकलेली ओळ सहसा विसरता येत नाही. त्यांनी लिनक्सला उठवून कंत्राटदाराची ती ओळ टंकली, घड्याळ लावले, दुसरे पत्र नोंदवले, मशीन बंद केले, जुनीला उठवले. दोघींची वेळ तंतोतंत एक झाली होती. त्यांनी उत्तराची मागणी केली. चौकट आली नाही. आला तो क्रमांक, आणि खाली 'मजकूर लिहावा'.

ग्रंथपालांनी आधी प्रिंटरमध्ये कागद आहे का ते पाहिले. होता. शाई पाहिली. तीही होती. वीज जाण्याची काही चिन्हे दिसेनात. पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला आणि त्याच्यापुढे ज्याची एकूण एक अडचण दूर झालेली आहे असा एक भला माणूस हतबल होऊन बसला. कार्यालय खरोखरीचे बंद होईपर्यंत ते बसले. 'आदरणीय' लिहिले. खोडले.

घरी त्यांनी खरे ते सांगितले. बायको म्हणाली, "मायना राहू दे हो. मला तरी कुठे कधी मिळाला? संसार झालाच की."

सकाळी कार्यालयात हाहाकार होता. आगमन आणि प्रस्थान नोंदवलेल्या सर्वांची नोकरी एक-दोन मिनिटांची भरली होती. पाहुणे यायच्या वाटेवर होते. हेडक्लार्कबाईंनी लेखी तक्रार केली की, दोन्ही घड्याळे एकच वेळ दाखवत आहेत, तरी हा बिघाड तातडीने दुरुस्त व्हावा. कंत्राटदाराला धावत बोलावण्यात आले.

तो धापा टाकत वर आला. त्याने पडद्याकडे पाहिले, मग ग्रंथपालांकडे पाहिले. ग्रंथपाल फलकाकडे पाहू लागले.

"पूर्ववत करायला मिनिट लागेल," कंत्राटदार मुख्याधिकाऱ्यांना म्हणाला, "पण जिना चढून आलोय. आधी जरा दम खातो." आणि खुर्ची ओढून, मशीनकडे पाठ करून तो ऐसपैस बसला. बसता बसता ग्रंथपालांना हळूच म्हणाला, "मला दम खायला फार वेळ लागत नाही हां."

ग्रंथपालांनी मशीनपुढे बसून मायना न घालता सुरुवात केली. 'पुस्तक आहे. अक्षरे बारीक आहेत. आपण याच. दिसले नाही तर मी वाचून दाखवीन. माझा आवाज लहान आहे, त्याबद्दल क्षमा असावी. येणे जमत नसेल तर कळवावे, पुस्तक घेऊन मी येतो.' पुन्हा वाचले असते तर त्यांनी 'मी येतो' नक्की खोडले असते. वाचले नाही. शेजारणीलाही दिवसभर बोलावता यायचे नाही, म्हणून अक्षरे होतील तेवढी मोठी केली. कागद बाहेर आला. मागे कंत्राटदार उठला. पाहुण्यांची गाडी दाराशी लागत होती आणि घड्याळे पुन्हा एकमेकांपासून दूर गेली.

टाळ्या वाजू लागल्या तेव्हा ग्रंथपाल पाकीट घेऊन रस्ता ओलांडत होते. समोर टपालपेटी होती.

इथवर वाचून ज्यांना या कार्यालयाचे हसू आले असेल, त्यांच्या मशीनमध्ये बहुधा एकच सिस्टिम असावी. घड्याळ बरोबर चालत असावे, कागद आणि शाईही असावी. अशा वाचकांनी आपले उत्तर नेमके कशामुळे अडले आहे, याचा खुलासा स्वतःकडे सादर करावा. ग्रंथपालांचे उत्तर पेटीत पडले. आत पडताना त्याचा बारीकसा आवाज झाला, आणि तो त्यांनी ऐकला.