ओसरीवरचा तास

आमचे रतनकाका महिन्यातले चार दिवस ओसरीवर कॉलेज भरवायचे. साठचं दशक सरत आलं होतं. शहाद्याला ते जीवशास्त्र शिकवत आणि लोणखेड्याच्या घरी येताना खिशात खडू आणत. सारवलेल्या जमिनीवर पेशीचं मोठं वर्तुळ काढायचं, त्यात केंद्रकाचं लहान. श्रोते तीन: आजी, खांबाआड बसलेली काकू आणि त्यांच्याकडे शिकायला राहिलेला मी. मी त्यांच्याच विषयात नापास, तेव्हा माझी हजेरी सक्तीची.

“देख माय,” काका आजीला सांगत, “हार्मोन रगतमाईन येस. त्याले घेनारा आठे बाहेर वाट देखस. भेट व्हयनी की दोन्ही मझार जातस, केंद्रकमा. मंग पेशी कामले लागस.”

“नि घेनारा एकटाच मझार गया तं?”

“एकटा जास नई ना, माय!”

संशोधन नवंकोरं होतं. पुण्याच्या मित्राने धाडलेलं मासिक काका पोथीसारखं उशाशी ठेवत.

चारच दिवस का, हे कळायला माझ्यासारख्या हुशाराला वर्ष लागलं. पाळी आली की काकूला घरात बंदी; चार दिवस ओसरीवर, खांबाआड. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. तिचं बाहेर बसणं ही घराला दर महिन्याला मिळणारी बातमीच. आजी “आते दुसरी कर, रतन,” म्हणाली, की काका खडू काढायचे.

धुळ्याच्या डॉक्टरांकडे मी दोघांबरोबर गेलो होतो. “मास्तर, तुमच्यात काही दोष नाही,” डॉक्टर म्हणाले आणि काकूकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

तरी आजीने तळोद्याचं स्थळ बोलावलं. नेमके तेच दिवस निघाले. पाहुण्यांपुढे चहा आला, काकू खांबाआड.

“तुमनी पोर मन्हा घर देऊ नका,” काका शांतपणे म्हणाले. “दोष मन्हामा शे. डाक्टरनी सांगं.”

मी तोंड उघडलं. काकांनी नुसतं पाहिलं, मी मिटलं.

पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. आजी कपाळ धरून आत गेली. तेव्हा खांबाआडून, इतक्या तासांत पहिल्यांदाच, काकूने प्रश्न विचारला.

“घेनाराच बिघडेल व्हई तं?”

काका खांबाआड जाऊन तिला खेटून बसले. शिवाशिव झाली, आता आंघोळ केल्याशिवाय त्यांनाही आत जाता येणार नव्हतं. बंब तापला होता, तरी ते उठले नाहीत.

दुपारी आजीने ओसरीवर दोन ताटं सरकवली.