घसा बघू!

आमच्या शेजारचे तात्या पाहुण्याला आधी “घसा बघू!” म्हणत आणि मग “बस.” आम्ही नारायणगावात राहायला आलो, तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते आणि फारशी बोलत नसे. तात्यांनी माझ्या तोंडात बॅटरी मारली आणि आईला सांगितलं, “इंग्रजी शाळेत घालून पोरीचा घसा बसवला तुमी!” लगेच बंडीच्या खिशातून आल्याचा तुकडा निघाला. मी नुसती लाजते, हे सांगायचीही मला लाज वाटली. त्यामुळे कॉलेज संपेपर्यंत मी आलं चघळत राहिले.

तात्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर आलं आणि हळद होती. बाहेरच्या मालावर त्यांचा विश्वास नव्हता. स्टँडवरचा चहा हुंगून म्हणत, “राव, यात आलं न्हाई, आल्याचा फोटू बुडवलाय.” दुकानात वेलदोडा दाताखाली फोडून विचारत, “शेठ, ह्यो सुटीवर गेलाय काय?”

शेठ बरणी मागे ओढत. “तात्या, तुम्ही चाखता तेवढ्यात आमच्याकडे खीर होते.”

आळीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात हळद मात्र तात्यांचीच. “दुकानातली पिवळी माती लावू नगा,” म्हणत ते मांडवाच्या दारात डबा देत. वर नवरीला हळद लावायला आंब्याची पाच पानं. स्वतः आत येत नसत. त्यांच्या मुलीने, शोभाने, पुण्याला कचेरीत सह्या करून लग्न केलं होतं. तेव्हापासून तात्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

मला पुण्यात नोकरी लागली. निघताना तात्या श्रीखंडाचा जुना डबा घेऊन आले.

“आमची शोभी ऱ्हाती तिकडं. तिला दे. खोकला झालाय म्हनं.”

कोण म्हणालं, ते मी सवयीने विचारलं नाही. डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. दाबायला गेले तर ते निघूनच आलं. आत ताजी दळलेली हळद होती आणि वर आंब्याची पाच पानं, धुऊन पुसलेली.

“तात्या, खोकल्याला आंब्याची पानं कशाला?”

मी त्यांना आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न. तात्यांनी माझ्या हातातलं झाकण घेऊन डब्यावर दाबून बसवलं.

“घसा लई सुटला की गं तुझा,” ते कसंबसं म्हणाले.

मग त्यांनी खिशातून आल्याचा तुकडा काढला. मी हात पुढे केला, पण तो त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकला.