प्रजाती : इतर

संशोधनाचा पाया स्वच्छता हा आहे, आणि स्वच्छतेचा पाया हा, की ती दुसऱ्या कुणीतरी करावी. ही दोन्ही तत्त्वं जिथे मनापासून पाळली जात अशी एक प्राणीशाळा होती. तिथे दोन हजार उंदीर, साठ गिनीपिग, चाळीस ससे आणि तीन माणसं होती. यांपैकी पहिल्या तिघांची मोजदाद रोज होत असे.

तीन माणसांतली सर्वांत जुनी म्हणजे आत्या. वय त्रेपन्न. वीस वर्षांपूर्वी तिचा सख्खा भाचा इथे लागला, त्याने तिला चिकटवून दिलं आणि वासाला कंटाळून सहा महिन्यांत स्वतः निघून गेला. आत्या राहिली. भाचा गेला तरी हाक राहिली, आणि पुढे संचालकांपासून रखवालदारापर्यंत सगळेच तिचे भाचे झाले. दुसरा पैलवान. हा एक्कावन्न किलोंचा माणूस होता. नाव कुणी आणि कशावरून पाडलं याची नोंद सापडत नाही. तिसरा वर्षभर रजेवर होता, पण त्याचा स्टूल त्याच्यासाठी राखून ठेवला होता. (संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेली ही एकमेव गोष्ट.)

आत्याचा हुद्दा पूर्वी ‘सफाई कामगार’ असा होता. एका परिपत्रकाने तो ‘स्वच्छता व निगा तंत्रज्ञ’ झाला. त्या दिवशी तिला नवीन ओळखपत्र मिळालं. खराटा जुनाच राहिला.

काम मात्र खरंच तंत्राचं होतं. सकाळी साडेसातला येऊन आधी आंघोळ, मग धुतलेले कपडे, टोपी, तोंडाला मास्क, पायात आतल्या आत वापरायचे जोडे. एखाद्या नवऱ्या मुलाची होत नाही एवढी तयारी. मग पिंजरे उपसायचे, ओला भुसा काढायचा, कोरडा घालायचा, पाण्याच्या प्रत्येक बाटलीच्या तोटीला बोट लावून थेंब येतो का बघायचं. सशांच्या खोलीत कुजबुजत बोलायचं, कारण ससा दचकून उधळला तर स्वतःचं कंबरडं मोडून घेतो. या खोलीचं तापमान बावीस अंश. चोवीसच्या वर गेलं की घंटा वाजे आणि एक अभियंता धावत येई. तासाला पंधरा वेळा हवा बदले. सशांचं मन रमावं म्हणून हलक्या आवाजात रेडिओ होता, कुरतडायला लाकडी ठोकळे होते.

“तुझे ससे माझ्यापेक्षा सुखात झोपतात,” आत्याचा नवरा म्हणायचा. तो शिंपी होता आणि पत्र्याखाली बसून मशीन चालवायचा.

“झोपतात खरे,” आत्या म्हणायची, “पण उठवायचं कधी, ते दुसरं कुणीतरी ठरवतं.” आणि ती विषय बदलायची. प्रयोग संपले की पिंजरे रिकामे होत, आणि रिकामा पिंजरा धुताना ती रेडिओ बंद ठेवी. याला कारण विचारलं तर म्हणे, “विजेची बचत.”

सशांच्या खोलीला लागून पिंजरे धुण्याची खोली होती. तिथे पैलवान असे. उकळतं पाणी, वाफेच्या पेट्या, खिडकी नाही. मार्च महिन्यात तापमान एकेचाळीस. इथे घंटा नव्हती, कारण इथे कुणी ठेवलेलं नव्हतं. पंख्यासाठी केलेला अर्ज नऊ वर्षांपूर्वी वित्त समितीकडे गेला होता आणि तिथे त्याची प्रकृती उत्तम होती.

एका गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला पैलवान हातातल्या पिंजऱ्यासकट खाली बसला आणि मग आडवा झाला. पिंजरा त्याने आधी हळूच जमिनीवर ठेवला. (आवाज करू नये असा नियम आहे.)

आत्या धावली. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम थांबलेला, हाकेला ओ नाही. मोठ्याने हाका मारायची सोय नव्हती, पलीकडे ससे होते. तिने कुजबुजत आरडाओरडा केला आणि भिंतीवरचा फोन उचलला.

“कर्मचारी आजारी असेल तर तीन प्रतींत अर्ज करा,” कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं. “अर्जदाराची सही लागेल.”

“अर्जदार बेशुद्ध आहे.”

“मग शुद्धीवर आल्यावर करा, घाई नाही. कर्मचाऱ्यांचे डॉक्टर तसेही सोमवारी येतात.”

“अहो, रुग्णवाहिका तरी बोलवा!”

“बाहेरचं वाहन निर्जंतुक केल्याशिवाय आवारात घेता येत नाही. दीड तास धरा.”

आत्याने फोन ठेवला. वीस वर्षांत तिने एक गोष्ट पक्की शिकली होती: या इमारतीत जे बोललं जातं ते हवेत जातं आणि जे लिहिलं जातं ते धावत येतं. तिने निगा नोंदवही ओढली. वहीचे नियम तिला तोंडपाठ होते. इमारतीत ठेवलेला कोणताही सजीव नेहमीपेक्षा वेगळा वागताना दिसल्यास नोंद करावी. नोंद होताच पशुवैद्यकाने तीस मिनिटांत पोहोचावं. लिहिलेली नोंद खोडू नये.

तिने लिहिलं:

‘वेळ : ११.४६. खोली : धुण्याची. प्रजाती : इतर. संख्या : १. लक्षणं : सकाळपासून पाण्याला तोंड लावलेलं नाही. अंग फार गरम. हाकेला प्रतिसाद नाही. अंगावरचे केस कमी (हे पूर्वीपासून).’

आणि लाल बटण दाबलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई चार मिनिटांत आल्या. तरुण होत्या, नोकरीला आठ महिने झाले होते, त्यामुळे अजून धावत असत. दारात त्या थबकल्या.

“आत्या, हा तर पैलवान!”

“नोंद झालीय, बाई.”

डॉक्टरीणबाईंनी एक क्षण वहीकडे पाहिलं, एक क्षण पैलवानाकडे. मग गुडघ्यांवर बसल्या. “याला आत्ताच्या आत्ता गार करायला हवं. गार खोली कुठली आहे?”

माणसाला उचलून नेता येईल एवढ्या जवळ गार खोली एकच होती: सशांची. पण सशांच्या खोलीत जायचं तर आंघोळ सक्तीची. कुणालाही सूट नाही. तेव्हा दोघींनी पैलवानाला उचलून फवाऱ्याखाली धरलं, सशांच्या आरोग्याला धोका पोहोचू नये म्हणून दहा मिनिटं गार पाण्याने भिजवलं, सुती धुतलेले कपडे चढवले आणि बावीस अंशांत नेऊन निजवलं. उष्माघातावर वैद्यकशास्त्र याहून वेगळं फारसं काही सांगत नाही. सशांच्या काळजीपोटी केलेल्या नियमाने माणूस वाचल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

वीस मिनिटांनी पैलवानाने डोळे उघडले. आत्याचा हात त्याच्या कपाळावर होता.

“आत्या,” तो क्षीण आवाजात म्हणाला, “मी मेलो का?”

“का रे बाबा?”

“एवढं गार कसं? आणि गाणी पण लागलीत.”

आत्या हसली, मग तोंडावरचा मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

कथा इथे संपायला हरकत नव्हती. पण नोंद उघडी होती. नोंद बंद करायला तीन रकाने असत: ‘बरा झाला’, ‘उपचार चालू’, आणि ‘वेदनारहित अंत’. डॉक्टरीणबाईंनी बराच विचार करून दुसऱ्या रकान्यात खूण केली आणि शेजारी लिहिलं: ‘मूळ जागा सुधारेपर्यंत तिथे परत ठेवू नये.’ नियमानुसार आता पैलवानाला धुण्याच्या खोलीत पाठवणं हा गुन्हा होता. तो सशांकडे बसून त्यांच्यासाठी कागदाच्या पट्ट्या कापू लागला. तिकडे न धुतलेले चारशे पिंजरे साचले.

सोमवारी संचालकांनी आत्याला बोलावलं.

“हे काय लिहून ठेवलंत?”

“नोंद, साहेब.”

“पैलवान प्राणी आहे का?”

“नियमात ‘इमारतीत ठेवलेला कोणताही सजीव’ असं आहे, साहेब.”

“त्याला इथे ठेवलेलं नाही, कामावर ठेवलंय!”

“तेच म्हणते मी.”

संचालकांनी वही पुढे ओढली. खोडता येत नव्हतं. पानांना क्रमांक होते, तेव्हा फाडताही येत नव्हतं. ‘बरा झाला’ असं लिहायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या. माणूस बरा करण्याचा परवाना आपल्याकडे नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिसऱ्या रकान्यावर संचालकांची नजर गरजेपेक्षा जरा जास्त रेंगाळली, असं आत्या आजही सांगते.

“आत्या,” ते शेवटी मवाळपणे म्हणाले, “तुमच्या कंत्राटाची मुदतवाढ पुढच्या महिन्यात माझ्याकडेच येणार आहे. चुकून लिहिलं, असं लिहून द्या.”

त्या संध्याकाळी आत्याने भाजीत मीठ दोनदा घातलं. नवऱ्याने निमूटपणे दोन घास खाल्ले आणि विचारलं, “देणार लिहून?”

“वीस वर्षं हजारो नोंदी केल्या. उंदराला शिंक आली तरी लिहिलं. एकही खोटी नाही.”

“मग?”

“आता एकच खोटी ठरवली तर बाकीच्या कुणी खऱ्या मानायच्या?”

नवऱ्याने ताटात पाणी ओतून भाजी थोडी अळणी केली आणि जेवत राहिला. त्याच्या बाजूने हा जाहीर पाठिंबा होता.

आत्याने लिहून दिलं नाही. मुदतवाढीची फाईल संचालकांच्या खणात गेली. आणि पंधरा दिवसांनी वार्षिक तपासणी आली.

तपासनीस हा नियम या धातूचा ओतलेला माणूस होता. त्याने प्रथेप्रमाणे आधी उघड्या नोंदी मागवल्या. एकच होती. ती त्याने दोनदा वाचली. तो हसला नाही.

“हा प्राणी दाखवा,” तो म्हणाला.

पैलवान दाखवण्यात आला. तपासनिसाने त्याचं वजन घेतलं, दात पाहिले, मूळ जागी जाऊन तापमान घेतलं आणि कपाळावरचा घाम पुसला. मग तिघांची विश्रांतीची खोली मोजली. सहा चौरस मीटर. म्हणजे माणशी दोन. तीन किलोच्या सशाला सुमारे शून्य दशांश चार चौरस मीटर जागा लागते. पैलवान हा वजनाने सतरा ससे भरतो. तेव्हा त्याला सहा दशांश आठ चौरस मीटर हवेत, हे गणित तपासनिसाने जागीच करून संचालकांना दाखवलं. गणितात चूक नव्हती.

अहवाल आला: ‘प्रजाती इतर हिची निगा निकृष्ट. साठ दिवसांत सुधारणा न झाल्यास प्राणीशाळेचा परवाना रद्द.’

संचालक हुशार होते. माणसांसाठी सोय करायची तर प्रस्ताव वित्त समितीकडे जाणार, जिथे पंखा नऊ वर्षं बसला होता. प्राण्यांसाठी करायची तर मंजुरी चार दिवसांत. त्यांनी सगळा खर्च ‘इतर’ या प्रजातीखाली दाखवला, आणि सातव्या आठवड्यात धुण्याची खोली थंड झाली, वाफ बाहेर ओढणारी यंत्रं लागली, एकवीस चौरस मीटरची विश्रांतीची खोली झाली. गार पाणी, हलका रेडिओ. सशांचं मागणीपत्रक जसंच्या तसं गेल्याने तीन लाकडी ठोकळेही आले. आत्याची मुदतवाढही झाली, कारण नमुन्यातली संख्या अभ्यासाच्या मध्येच कमी करता येत नाही.

दारावर पिंजऱ्याला असते तशी पत्रिका लागली: ‘प्रजाती : इतर. संख्या : ३ (पैकी हजर २). लिंग : मिश्र. आहार : डबा.’ दर शुक्रवारी वजन. नोंदी करणं आत्याकडेच असल्याने ती रोज स्वतःचीही नोंद करू लागली: ‘भूक चांगली. चाल नेहमीची. किरकोळ चिडचिड.’

पहिल्या दिवशी ती त्या पत्रिकेसमोर बराच वेळ उभी होती.

“पैलवान, हा आपला अपमान आहे की सन्मान रे?”

पैलवान नव्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. “आत्या, गार वाटतंय ना? मग आधी बस. अपमान काय, बसून पण होतो.”

आत्या बसली. गुडघ्यांना बरं वाटलं. विचार करायला नंतर वेळ मिळेल, असं तिने ठरवलं.

प्राण्यांना त्रास न देता निरीक्षण करता यावं म्हणून खोलीच्या दाराला एक मोठी काच बसवली आहे. ही खोली आदर्श म्हणून गाजल्यामुळे बुधवारी दुपारी ती पाहायला लोक येतात. एका बाईंनी “किती शांत आहेत!” असं म्हणून आपल्या मुलीला उचलून दाखवलं. एका गृहस्थांनी डॉक्टरीणबाईंना, चावतात का, असं विचारलं. काचेशेजारी एक माहितीफलक आहे. हे सगळं कसं घडलं ते त्यावर सविस्तर लिहिलं आहे. संचालकांनी मजकूर न वाचता सही केल्यामुळे तो पूर्ण लिहिता आला. बहुतेक लोक पहिल्या दोन ओळी वाचून पुढे सरकतात.

परवाच्या बुधवारी पैलवानाने डबा उघडला, एक घास घेतला, मग खुर्ची फिरवून काचेकडे तोंड केलं आणि तोही बघत बसला.

“आत्या, हा बघ. मघापासून उभा आहे. मध्येच हसतो, मध्येच हळहळतो, परत वाचायला लागतो. हलत मात्र नाही.”

“कोण रे?”

“हा काय, समोर. फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाला त्याचा.”