समिधांवरची कोंबडी

सगुणाने आयुष्यात नवस खूप केले. अनवाणी चालण्याचा केला, मीठ सोडण्याचा केला, साखर तर तीनदा सोडली. पण गेल्या माघात तिने न बोलण्याचा नवस केला, तेव्हा देवीच्या आधी तो घरच्यांनाच पावला. (निदान पहिले दोन दिवस.)

कारण तसंच होतं. रोह्याला दिलेली तिची लेक नमिता तिसऱ्या महिन्यात गडब गावी माहेरी आली, ती वालाच्या वाळल्या शेंगेसारखी. फोडणीचा वास आला की उलटी, मासळीचा आला की उलटी, बापाने दाढीला साबण लावला तरी उलटी. पेणचे डॉक्टर म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत पोटात अन्न टिकलं नाही तर ॲडमिट करू." सगुणा तशीच देवीपुढे उभी राहिली. "माझी पोर ताटभर जेवेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाय." (लिहूनही दाखवायचं नाही, हे तिनेच वर जोडलं. देवीशी पळवाट नको.)

बुधवारी नमिता एकदाची म्हणाली, "बाबा, येताना कोलाडला हाटेलात अख्खी कोंबडी धुरावर टांगलेली बघितली. तशी खावीशी वाटते."

तिचा बाप जनू ताडकन उठला. "हाटेलची कशाला? सगळ्या आळीची पोपटी मी लावतो! पोपटीच्या मडक्यात शेंगा भाजल्या काय नि पिंपात कोंबडी टांगली काय!"

कोंबडीला मीठ-हळद-आलं-लसूण चोळलं, जुन्या लोखंडी पिंपात तारेने उलटी टांगली, खाली निखारे केले, वर ओलं गोणपाट टाकलं. आता धुरासाठी सुकी लाकडं हवीत. दारामागे एक कापडी पिशवी लटकत होती. आत एका मापाने तोडलेल्या, छान वाळलेल्या काटक्या. जनू खूश! मूठभर टाकल्याही.

त्या होमाच्या समिधा होत्या. नमिता सुखरूप बाळंत व्हावी म्हणून येत्या पौर्णिमेला होम करायचा होता. आंब्याच्या नि उंबराच्या काटक्या सगुणाने पेणच्या बाजारातून निवडून आणल्या होत्या.

सगुणा परसात आली, पिशवी बघितली आणि तिचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. तिने पिशवीकडे बोट केलं, मग देव्हाऱ्याकडे, मग हात जोडले.

"देवाला दाखवू म्हणतेस? अगो, आधी शिजू तर दे!"

तिने जमिनीवर बोटाने चौकोन काढला आणि त्यात आहुती टाकल्यासारखा हात केला. एकदा. दोनदा.

"अजून टाकू? व्हय व्हय, धूर कमीच हाय." आणि त्याने उरलेली पिशवी पिंपात रिकामी केली.

सगुणा पायरीवर मटकन बसली. एक शब्द बोलली असती तर समिधा वाचल्या असत्या. पण मग लेकीच्या ताटाचं काय? तिने पदर तोंडात धरला आणि तीन तास धूर बघत राहिली.

कोंबडी निघाली ती तांबूस, चकचकीत. जनूने भीतभीत ताट नमितापुढे ठेवलं. तिने नाक पुढे केलं.

"आये, देवळात होम पेटल्यावर येतो ना, तसा वास येतोय गो."

एक घास गेला. मग तंगडी गेली. मग तांदळाची भाकरी मागितली, दुसरी तंगडी मागितली, आणि बोटं चाटत म्हणाली, "रस्सा नाय केलात?"

"अवो, त्या समिधा होत्या!" सगुणाचा आठ दिवसांचा बांध फुटला. "होमाच्या! निवडून आणलेल्या! आंधळे झालात काय? पंधरा दिवसांवर होम आलाय, आणि तुम्ही..." पुढचा पाऊण तास ती थांबलीच नाही. मधेच रडली, मधेच नमिताच्या तोंडावरून हात फिरवला. जनू खाली मान घालून ऐकत होता.

"बोल गो," तो हळूच म्हणाला. "घर नुसतं खायला उठलं होतं."

शेवटी सगुणानेच हात जोडले. होम लेकीसाठीच होता ना? देवीने पंधरा दिवस आधी उरकून घेतला, इतकंच.

कुंपणापलीकडून शेजारचा नाथा सगळं ऐकत होता. जनू आत गेल्याचं बघून तो हात जोडून हळूच पुढे आला. "वयनी, तुमचा तो न बोलायचा नवस लय पावरफुल निघाला. आमच्या पुतळीला पण सांगा ना तेवढं." किती दिवसांचा, तेही कुजबुजला.

सगुणाचा ऊर भरून आला. नाथासारख्या नास्तिकाला देवी कळली! ती तशीच कोंबडीचा तुकडा घेऊन त्याच्या बायकोकडे, पुतळीकडे गेली.

"पुतळे, माझं ऐक. तू पण धर गो हा नवस. बघ, नाथाभावजींनी स्वतः कुंपणाशी येऊन हात जोडले. म्हणाले, आठ दिवस कशाला, चांगला वर्षाचाच धरू दे!"